नौकांची दीपभाषा : सागरी नियमांतील चिन्हव्यवस्था आणि तिचे अध्ययन

१

हर्णै किंवा मालवण यांसारख्या बंदराच्या किनाऱ्यावर रात्री उभे राहून समुद्राकडे दृष्टी टाकणाऱ्यास काळोखात काही प्रकाशबिंदू दिसतात. त्यांतील काही पांढरे, काही तांबडे, तर काही हिरवे असतात. काही एकटेच असतात, काही एकाखाली एक असे टांगलेले असतात. अनभिज्ञ प्रेक्षकास त्यांत शोभेपलीकडे काही आढळत नाही. अनुभवी तांडेल मात्र तेच बिंदू एखाद्या ओळीप्रमाणे वाचतो : एक मोठे यांत्रिक जहाज डावीकडे चालले आहे, त्याच्या अलीकडे एक नौका जाळे ओढीत आहे, आणि किनाऱ्यालगतची तिसरी नांगरावर उभी आहे. दोघांच्या डोळ्यांत पडणारा प्रकाश एकच असला, तरी एकापाशी त्या प्रकाशाचे व्याकरण आहे आणि दुसऱ्यापाशी ते नाही.

हे व्याकरण ‘समुद्रावरील टकरी टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम’ या नावाने १९७२ साली लंडन येथे संमत झाले आणि १५ जुलै १९७७ पासून अंमलात आले. खुल्या समुद्रावर, तसेच त्याला जोडलेल्या व समुद्रगामी नौका जाऊ शकतील अशा सर्व जलप्रदेशांत ते लागू होतात. नियम २० ते ३१ हे दिवे व दिवसा दाखवावयाच्या आकृती यांसंबंधी असून नियम ३२ ते ३७ हे मुख्यतः ध्वनिसंकेतांसंबंधी आहेत. नौकानयन शिकणारा विद्यार्थी, मग तो व्यापारी जहाजावरील भावी अधिकारी असो, मासेमारी नौकेचा चालक असो की हौशी शिडवाला असो, या दोन भागांपाशी बहुधा अडखळतो. तो त्यांना एक लांबलचक यादी समजतो आणि ती पाठ करू लागतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही यादी नसून एक लहानशी परंतु सुघटित भाषा आहे; आणि ती शिकण्यातील खरी अडचण स्मरणाची नसून दृष्टिकोन बदलण्याची आहे.

फेर्दिनां द सोस्यूर याच्या व्याख्यानांवरून १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भाषेची तुलना ज्या अन्य चिन्हव्यवस्थांशी केली आहे, त्यांत लष्करी संकेतांचाही समावेश आहे. तेव्हा नौकांच्या दिव्यांकडे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहणे हे विषयांतर ठरू नये.

२

प्रथम या भाषेचा शब्दसंग्रह पाहू. चालू स्थितीतील यांत्रिक नौकेला मुख्यतः चार प्रकारचे दिवे असतात. डोलकाठीवरील पांढरा दिवा नाळेच्या नेमक्या समोरून प्रत्येक बाजूस ११२.५ अंशांपर्यंत, म्हणजे एकूण २२५ अंशांच्या कमानीत दिसतो. उजव्या बाजूचा हिरवा दिवा आणि डाव्या बाजूचा तांबडा दिवा हे प्रत्येकी आपापल्या बाजूचे ११२.५ अंश व्यापतात. पिछाडीचा पांढरा दिवा उरलेल्या १३५ अंशांत दिसतो. २२५ आणि १३५ यांची बेरीज ३६० होते. म्हणजेच नौकेभोवतीचे वर्तुळ कोठेही न तुटता आणि कोठेही दुबार न व्यापता वाटून दिलेले आहे.

या वाटणीत संपूर्ण व्यवस्थेचे बीज आहे. कोणता दिवा दिसतो यावरून पाहणारा त्या नौकेच्या कोणत्या बाजूस आहे हे ठरते. आणि ज्याअर्थी एक कमान संपते तेथे दुसरी सुरू होते, त्याअर्थी न दिसणारा दिवाही दिसणाऱ्या दिव्याइतकाच बोलका असतो. पाणिनीय व्याकरणाच्या अभ्यासकास ही कल्पना परिचित आहे. तेथे लोपाची व्याख्या अदर्शनाच्या, म्हणजे न दिसण्याच्या कल्पनेवर उभारलेली असून अभावालाही व्याकरणात निश्चित स्थान दिलेले आहे. समुद्रावर या तत्त्वाचे उदाहरण शिडाच्या नौकेत सापडते. केवळ शिडावर चालणाऱ्या नौकेला बाजूचे दोन दिवे व पिछाडीचा दिवा असतो; डोलकाठीवरील पुढे दिसणारा पांढरा दिवा तिला नसतो. म्हणून तांबडा किंवा हिरवा दिवा दिसत असून त्याच्या वर पांढरा दिवा नसेल, तर त्या अभावाचाच अर्थ ‘ही शिडाची नौका आहे’ असा होऊ शकतो. शिडाच्या नौकेने डोलकाठीच्या माथ्यावर वर तांबडा व खाली हिरवा असे दोन चौफेर दिवे लावावेत अशी सवलत आहे, सक्ती नाही.

अनेकार्थतेचा प्रश्नही या भाषेला चुकलेला नाही. एकटा पांढरा दिवा दिसला तर ती पुढे जाणाऱ्या कोणत्याही नौकेची पिछाडी असू शकेल, ५० मीटरांहून कमी लांबीची नांगरलेली नौका असू शकेल, किंवा वल्ह्यांवर चालणारी होडी असू शकेल. व्यवहारभाषेत अशा ठिकाणी संदर्भ निर्णय करतो. येथेही तो काही अंशी करतोच. दिवा जवळ येतो की दूर जातो, तो स्थिर आहे की हलता, हे काही मिनिटांच्या निरीक्षणाने कळते. परंतु नियमांची रचना त्यापूर्वीच सावधगिरी घेते. यांपैकी कोणताही अर्थ खरा असला, तरी पाहणाऱ्याचे कर्तव्य बहुधा एकच राहते : त्या दिव्यापासून दूर राहावे. जेथे अर्थ संदिग्ध आहे तेथे कृती संदिग्ध राहू नये, अशी ही योजना आहे.

३

शब्दांच्या क्रमाने अर्थ बदलतो, हे वाक्यविचाराचे पहिले सूत्र होय. मराठीत विभक्तिप्रत्ययांमुळे शब्दक्रम पुष्कळसा मोकळा राहतो. दीपभाषेत प्रत्यय नाहीत. म्हणून तेथे उभ्या क्रमालाच सर्व भार उचलावा लागतो. पुढील दोन संकेत शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. वर तांबडा आणि खाली पांढरा चौफेर दिवा म्हणजे ओढत्या जाळ्याखेरीज अन्य साधनाने मासेमारी करणारी नौका. वर पांढरा आणि खाली तांबडा म्हणजे बंदराचा वाटाड्या वाहून नेणारी पायलट-नौका. घटक तेच, क्रम उलटा, आणि अर्थ सर्वस्वी भिन्न. वर हिरवा व खाली पांढरा असेल, तर ती जाळे ओढणारी नौका, म्हणजे ट्रॉलर, असते. येथे पहिल्या उदाहरणातील केवळ वरचा घटक बदलला आहे.

तांबड्या चौफेर दिव्यांची पुनरुक्तीही अशीच नियमबद्ध आहे. उभ्या ओळीत दोन तांबडे दिवे म्हणजे काबूत नसलेली नौका. उदाहरणार्थ, जिचे यंत्र किंवा सुकाणू निकामी झाले आहे ती. तीन तांबडे म्हणजे आपल्या खोलीमुळे मार्ग सोडू न शकणारे यांत्रिक जहाज. तांबडा, पांढरा, तांबडा असा क्रम असेल तर कामाच्या स्वरूपामुळे हालचालीवर मर्यादा असलेली नौका. उदाहरणार्थ, समुद्रतळाशी तार टाकणारे किंवा गाळ काढणारे जहाज. या तिन्ही संकेतांत तांबड्या रंगाला एक समान अर्थच्छटा आहे : ‘मला सहज बाजूस होता येणार नाही.’ विद्यार्थ्याने ही समान छटा ओळखली, तर तीन स्वतंत्र नोंदी पाठ करण्याचे श्रम वाचून एका धातूची तीन रूपे शिकल्यासारखे होते.

मासेमारी करणाऱ्या नौकेसंबंधीचा आणखी एक नियम येथे नमूद केला पाहिजे. ती पाण्यातून पुढे सरकत असेल तेव्हाच तिने बाजूचे व पिछाडीचे दिवे लावावयाचे असतात. म्हणून तांबडा व पांढरा एवढेच दिवे दिसले आणि बाजूचे दिवे दिसले नाहीत, तर ती पाण्यातून पुढे जात नाही असा बोध होतो. काबूत नसलेल्या नौकेसही हेच लागू आहे. सामान्य यांत्रिक नौका मात्र यंत्र थांबवून उभी राहिली तरी, नांगरलेली नसेल तोपर्यंत, बाजूचे दिवे चालू ठेवते. अर्थात् प्रत्येक व्याकरणाप्रमाणे याही व्याकरणात नियमाची व्याप्ती जाणून घ्यावी लागते. एका ठिकाणचा अभाव दुसऱ्या ठिकाणी त्याच अर्थाने वाचता येत नाही.

४

आतापर्यंतचा भाग बुद्धिमान विद्यार्थी थोड्या दिवसांत आत्मसात करतो. खरी कसोटी यापुढे लागते. उजवे आणि डावे हे शब्द कोणाच्या दृष्टीने?

हा प्रश्न भाषाशास्त्रात जुना आहे. ‘मी’, ‘तू’, ‘येथे’, ‘तेथे’ या शब्दांचा निर्देश बोलणाऱ्यानुसार बदलतो. येस्पर्सन याने १९२२ साली अशा शब्दांना सरकत्या अर्थाचे शब्द या आशयाचे नाव दिले. लहान मूल ही सर्वनामे उशिरा आत्मसात करते याचे कारणही हेच. आई ज्याला ‘तू’ म्हणते त्याला स्वतः ‘मी’ म्हणावयाचे असते, ही उलटापालट त्याला करावी लागते. उजव्या-डाव्याची गोष्ट तशीच आहे. संस्कृत ‘सव्य’ या शब्दाचा मुख्य अर्थ डावा असा असून कोशांत उजवा असाही अर्थ नोंदलेला आहे. इंग्रज खलाशांच्या बोलीतही हा घोटाळा होताच. जहाजाच्या डाव्या बाजूस ‘लारबोर्ड’ आणि उजव्या बाजूस ‘स्टारबोर्ड’ म्हणत. वाऱ्याच्या घोंघावात हे दोन उच्चार एकमेकांत मिसळत. म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली ‘लारबोर्ड’ शब्द काढून त्याजागी ‘पोर्ट’ हा शब्द सक्तीचा केला. सुकाणूच्या हुकमांतील गोंधळ त्याहून दीर्घायुषी ठरला. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की नौकेची नाळ डावीकडे वळते. हुकूम दांड्याला अनुलक्षून दिला जात असे. १९१२ साली टायटॅनिकवर ‘स्टारबोर्ड’ असा हुकूम सुटला, तेव्हा जहाजाची नाळ त्या काळच्या प्रथेप्रमाणे डावीकडे वळली. ही प्रथा १९३० नंतरच्या दशकात मोडली आणि हुकूम नाळेच्या दिशेला अनुलक्षून देण्यात येऊ लागला.

दीपभाषेत उजवे-डावे हे नौकेच्या स्वतःच्या अंगाला बांधलेले आहे. हिरवा दिवा म्हणजे ‘ही माझी उजवी बाजू’. तांबडा दिवा म्हणजे ‘ही माझी डावी बाजू’. वक्ता स्वतःविषयी बोलतो. अर्थ लावण्याचा भार श्रोत्यावर पडतो. समोरून सरळ येणाऱ्या नौकेचा हिरवा दिवा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला दिसतो आणि तांबडा उजव्या हाताला. नवशिका येथेच चुकतो. तो दिव्याला आपल्या दृष्टीने वाचतो. वास्तविक त्याने क्षणभर त्या दुसऱ्या नौकेवर जाऊन उभे राहावयास हवे.

आता दोन यांत्रिक नौकांचे मार्ग एकमेकांस छेदतात अशी स्थिती घ्यावी. नियम असा की, जिच्या उजव्या हाताला दुसरी नौका आहे तिने वाट द्यावी. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या नौकेची डावी बाजू आपल्याकडे असते. म्हणून तिचा तांबडा दिवा दिसतो. उलट, तिला आपली उजवी बाजू, म्हणजे हिरवा दिवा, दिसतो. अशा रीतीने वाट देणाऱ्यास तांबडा व मार्ग कायम ठेवणाऱ्यास हिरवा रंग दिसतो. हे साम्य रेल्वेच्या संकेतांची आठवण करून देते आणि स्मरणास मदतही करते. परंतु त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. तांबडा दिवा येथे ‘थांब’ असे सांगत नाही. तोच तांबडा दिवा आपल्या डाव्या हाताला दिसत असेल, आणि आपलाही तांबडा दिवा त्या नौकेकडे असेल, तर दोघी एकमेकींना डावीकडे ठेवून सुखरूप जात असतात. अर्थ रंगात नसून रंग, त्याची दिशा आणि त्या दिशेतील बदल या तिहींच्या संबंधात आहे. होकायंत्रावर पाहता जवळ येणाऱ्या नौकेची दिशा लक्षात येण्याजोगी बदलत नसेल, तर टकरीचा धोका आहे असे नियम सांगतो. केवळ पिछाडीचा पांढरा दिवा दिसणे म्हणजे आपण मागून येऊन ओलांडीत आहो, आणि ओलांडणाऱ्याने नेहमीच दूर राहावयाचे असते. दोघी समोरासमोर आल्या तर दोघींनीही उजवीकडे वळावयाचे असते.

५० मीटर वा अधिक लांबीच्या जहाजावर डोलकाठीचे दोन पांढरे दिवे असतात : पुढचा खाली, मागचा वर. हे दोन्ही एका उभ्या रेषेत दिसले तर जहाज सरळ अंगावर येत आहे. खालचा वरच्याच्या डावीकडे सरकला तर जहाजाची नाळ पाहणाऱ्याच्या डावीकडे वळलेली आहे. बाजूचे दिवे ओळखू येण्यापूर्वीच ही जोडी दिशा सांगते. कारण अशा जहाजाचा डोलकाठीचा दिवा किमान ६ सागरी मैलांवरून दिसावा लागतो आणि बाजूचा दिवा किमान ३ मैलांवरून.

५

ध्वनिसंकेतांकडे वळताच छंदःशास्त्राची आठवण होते. नियमांत दोनच नाद मानले आहेत. ऱ्हस्व नाद सुमारे १ सेकंदाचा. दीर्घ नाद ४ ते ६ सेकंदांचा. छंदात गुरू हा लघूच्या दुप्पट धरला जातो आणि बोलण्याच्या गतीनुसार दोन्ही लांबतात वा आखडतात. भोंग्याच्या भाषेत तसे चालणार नाही. १ आणि ४ सेकंदांच्या मधला प्रदेश जाणूनबुजून रिकामा ठेवला आहे. वारा, प्रतिध्वनी आणि यंत्राची घरघर यांतून नादाची कडा झिजली, तरी ऱ्हस्वाचा दीर्घ होऊ नये एवढे अंतर या दोन घटकांत राखलेले आहे.

एकमेकींना दिसत असलेल्या नौकांपैकी यांत्रिक नौका नियमानुसार वळते तेव्हा एक ऱ्हस्व नाद म्हणजे ‘मी उजवीकडे वळत आहे’, दोन म्हणजे ‘मी डावीकडे वळत आहे’, आणि तीन म्हणजे ‘माझे यंत्र उलटे चालत आहे’. क्रियापदाचा काळ येथे महत्त्वाचा आहे. हे निवेदन आहे. विनंती नव्हे, आज्ञाही नव्हे. कृती सुरू झालेली असते आणि नाद तिची वार्ता देतो. दुसऱ्याचा हेतू कळेनासा झाला, किंवा तो पुरेशी हालचाल करीत आहे की नाही अशी शंका आली, तर निदान पाच ऱ्हस्व नाद भराभर द्यावयाचे असतात. हा या भाषेतील प्रश्नार्थक उद्गार होय.

अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांवर मात्र तोच एक ऱ्हस्व नाद निराळ्या व्याकरणात बसतो. तेथे त्याचा अर्थ ‘तुला माझ्या डाव्या हाताला ठेवून जाण्याचा माझा विचार आहे’ असा होतो, आणि मान्य असल्यास दुसऱ्या नौकेने तोच नाद परत द्यावयाचा असतो. म्हणजे एके ठिकाणी निवेदन, दुसऱ्या ठिकाणी प्रस्ताव व संमती. शब्द एकच, परंतु उक्तीचा प्रकार भिन्न. आंतरराष्ट्रीय नियमांतही प्रस्ताव-संमतीची रीत आहे. पण ती अरुंद जलमार्गात ओलांडण्यापुरती. दोन दीर्घ व एक ऱ्हस्व म्हणजे ‘तुझ्या उजव्या बाजूने ओलांडण्याचा माझा हेतू आहे’. दोन दीर्घ व दोन ऱ्हस्व म्हणजे डाव्या बाजूने. आणि संमतीसाठी दीर्घ, ऱ्हस्व, दीर्घ, ऱ्हस्व.

धुक्यात ही सर्व वाक्ये मागे पडतात. एकमेकींना न दिसणाऱ्या नौकांमध्ये वळणाचे नाद द्यावयाचे नसतात. कारण दिसत नसलेल्या नौकेच्या ‘उजवीकडे’ या शब्दाला ऐकणाऱ्याजवळ आधारच नसतो. तेथे नाद केवळ स्थिती सांगतो. पाण्यातून पुढे जाणारी यांत्रिक नौका जास्तीत जास्त २ मिनिटांच्या अंतराने एक दीर्घ नाद देते. चालू स्थितीत असून थांबलेली असल्यास दोन दीर्घ. काबूत नसलेली, हालचालीवर मर्यादा असलेली, शिडाची, मासेमारी करणारी आणि दुसरीस ओढून नेणारी या सर्व नौका एक दीर्घ व दोन ऱ्हस्व असा एकच संकेत देतात. दिव्यांच्या भाषेत ज्यांना स्वतंत्र रूपे होती, ती रूपे येथे एकात विलीन झाली. त्रुबेत्स्कॉय याने ध्वनिविचारात ज्याला भेदाचे निरसन म्हटले, त्याचेच हे उदाहरण होय : विशिष्ट परिस्थितीत भेद मावळतो आणि सामाईक अर्थ तेवढा उरतो. येथील सामाईक अर्थ असा की, ‘मला सहज बाजूस होता येत नाही.’ नांगरलेली नौका दर मिनिटास सुमारे ५ सेकंद घंटा जलद वाजवते. १०० मीटर वा अधिक लांबीची असल्यास घंटा नाळेकडे वाजवून लगेच पिछाडीस गाँग वाजवते. घंटा व गाँग यांच्या भिन्न नादांवरून ऐकणाऱ्यास तिच्या लांबीचा अंदाज यावा, हा त्यामागील हेतू आहे.

६

या भाषेचा जन्म अपघातांतून झाला. इंग्लंडच्या ट्रिनिटी हाउस या संस्थेने १८४० साली वाफेच्या जहाजांसाठी मार्गनियम आखले आणि ते १८४६ साली कायद्यात आले. १८४८ साली दिव्यांचे नियम आले. १८५८ साली शिडाच्या जहाजांनाही रंगीत बाजूदिवे आवश्यक झाले. १८६३ साली फ्रान्सच्या विचाराने नवी नियमावली तयार झाली आणि पुढील वर्षापर्यंत तीसहून अधिक देशांनी ती स्वीकारली. खलाशांना हे नियम लक्षात राहावेत म्हणून ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडमधील अधिकारी टॉमस ग्रे याने १८६७ साली एक पुस्तिका लिहून त्यात स्मरणपद्ये घातली. ती फार लोकप्रिय झाली. तांबड्यास तांबडा किंवा हिरव्यास हिरवा समोर असेल तर भय नाही, हा त्यांतील एक आशय पिढ्यान्‌पिढ्या खलाशांच्या तोंडी राहिला.

पद्य नियम टिकवून ठेवते, पण तो कोठे लागू होतो याचा निर्णय पद्य करीत नाही. २५ जुलै १९५६ च्या रात्री अटलांटिक महासागरात, नँटकेट बेटाच्या दक्षिणेस, आंद्रेआ दोरिया हे इटालियन प्रवासी जहाज न्यूयॉर्ककडे येत होते आणि स्टॉकहोम हे स्वीडिश जहाज न्यूयॉर्कहून निघाले होते. त्या वेळी १९४८ चे नियम लागू होते. दोन्ही जहाजांवर रडार होते आणि दोघांनीही एकमेकांना रडारवर बऱ्याच दुरून पाहिले होते. दोरिया धुक्यात असून धुक्याचा नाद देत होते. स्टॉकहोमभोवती हवा पुष्कळशी स्वच्छ होती. दोरियावरील अधिकाऱ्यांची समजूत अशी की, समोरची नौका किंचित उजवीकडे आहे आणि हिरव्यास हिरवा ठेवून दोघी जातील. म्हणून त्यांनी थोडे डावीकडे वळण घेतले. स्टॉकहोमवरील अधिकाऱ्याची समजूत अशी की, समोरची नौका डावीकडे आहे आणि तांबड्यास तांबडा ठेवून दोघी जातील. म्हणून तो उजवीकडे वळला. अखेर दिवे दिसले तेव्हा त्याच्या साक्षीनुसार प्रथम तांबडा दिवा दिसला आणि थोड्याच वेळाने त्या जागी हिरवा. त्या एका रंगबदलाचा अर्थ होता : समोरचे जहाज आपल्या नाळेपुढून आडवे येत आहे. अर्थ कळला, पण अंतर उरले नव्हते. रात्री सुमारे ११ वाजून १० मिनिटांनी टक्कर झाली. ५१ माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरिया बुडाले.

या दुर्घटनेस वेग, रडारचे वाचन, धुके अशी अनेक कारणे होती. परंतु भाषेच्या अंगाने पाहता असे दिसून येते की, दोन्ही बाजूंचे अधिकारी नियम जाणणारे होते. प्रत्येकाने मनाशी एक वाक्य पूर्ण केले होते आणि दुसराही तेच वाक्य वाचीत आहे असे गृहीत धरले होते. अज्ञानापेक्षा हे गृहीत अधिक घातक ठरले.

७

मराठी किनाऱ्याशी या सर्वांचा संबंध दूरचा नाही. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदराकडे येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या वाटा कोळी बांधवांच्या मासेमारीच्या पाण्यातून जातात. १२ मीटरांहून लहान नौकेचा बाजूचा दिवा किमान १ सागरी मैलावरून आणि पांढरा दिवा किमान २ मैलांवरून दिसावा, अशी अपेक्षा आहे. ताशी १५ सागरी मैल वेगाने येणारे जहाज १ मैल ४ मिनिटांत कापते. म्हणजे लहान नौकेचे वाक्य वाचण्यास, समजण्यास आणि त्यावर कृती करण्यास मोठ्या जहाजाजवळ फारच थोडा अवधी असतो. त्यातही कामासाठी लावलेल्या प्रखर दिव्यांच्या झोतात तांबड्या-पांढऱ्याची जोडी बुडून गेली, तर ते वाक्य उच्चारले जाऊनही ऐकू जात नाही. ओळखीचे दिवे झाकून टाकतील किंवा त्यांच्याविषयी भ्रम उत्पन्न करतील असे अन्य दिवे लावू नयेत, हा नियम म्हणूनच केवळ औपचारिक नाही. जाळे १५० मीटरांहून अधिक आडवे पसरले असेल, तर ज्या दिशेस ते आहे त्या दिशेस एक चौफेर पांढरा दिवा लावावयाचा असतो. अगदी लहान, ७ मीटरांहून कमी लांबीच्या शिडाच्या होडीला नेहमीचे दिवे शक्य नसल्यास निदान पांढरा कंदील किंवा बॅटरी हाताशी ठेवून ती वेळेवर दाखवण्याची मुभा आहे. या भाषेत इतका गरीब वक्ताही मुका ठेवलेला नाही.

या विवेचनावरून अध्ययनाचा एक क्रम सूचित होतो. प्रथम वर्तुळ काढून त्यातील कमानी विद्यार्थ्याने स्वतः आखाव्यात. दिवे पाठ करण्यापूर्वी ते कोठून दिसत नाहीत हे त्याला सांगता आले पाहिजे. त्यानंतर लाकडाची लहान प्रतिकृती किंवा टोकदार कागदी होडी टेबलावर फिरवून, प्रत्येक कोनातून काय दिसेल आणि त्याच क्षणी त्या होडीवरून आपण कसे दिसू, ही दोन्ही उत्तरे द्यावीत. एकच उत्तर देऊन थांबण्याची मुभा नसावी. उभ्या ओळीतील दिवे याद्यांनी न शिकता जोड्यांनी शिकावेत : तांबडा-पांढरा आणि पांढरा-तांबडा, हिरवा-पांढरा आणि तांबडा-पांढरा. नाद मोठ्याने, घड्याळाकडे पाहून उच्चारावेत. चार सेकंद किती लांब असतात याची कल्पना कागदावर येत नाही. आणि प्रत्येक नादापुढे तो निवेदन आहे, प्रस्ताव आहे की प्रश्न आहे हे लिहावे.

भाषा येणे म्हणजे बोलता येणे असे सामान्यतः समजले जाते. दीपभाषेत बोलणे सोपे आहे. दिवे योग्य जागी बसवून ते सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, आणि धुक्यासारख्या मंद दृश्यमानतेतही, पेटते ठेवले की नौका बोलू लागते. कठीण आहे ते ऐकणे. काळोखात दिसणाऱ्या एका तांबड्या ठिपक्यामागे कोणी माणूस सुकाणूवर हात ठेवून उभा आहे, त्याला आपला हिरवा ठिपका दिसत आहे, आणि तो त्याचा काय अर्थ लावील, एवढा विचार ज्याला क्षणार्धात करता येतो, त्याला हे नियम आले असे म्हणावे.